रविवारचं रिकामं पान

बुऱ्हाणपुरात, लालबागेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी वेबसाइटी बनवायचे. बुऱ्हाणपूर, रावेर आणि खंडव्याच्या वधू-वर मंडळांच्या याद्या एकत्र करून आम्ही समाजाची एकच साइट उभी केली. तिच्यात लग्नाच्या मुलींमध्ये माझंही नाव होतं. मुलीचं पान वडिलांनीच उघडायचं, तिने स्वतःची स्थळं बघायची नाहीत, असा मंडळाचा नियम. मी तो इमानेइतबारे पाळला. मूर्ख होते.

रविवारी सगळा समाज साइटवर तुटून पडायचा. मग स्थळं साठवलेल्या डेटाबेसशी जोडणी व्हायची नाही आणि पानाच्या माथ्यावर इंग्रजीत वॉर्निंग झळकायची. मालकांना ते खपेना.

"घाण दिसतंय. लोकं घबरातात. हटव ते."

साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिली होती, तिच्यात वॉर्निंग गप्प करायला ओळीच्या आधी @ एवढं चिन्ह पुरतं. मी भांडले, तर त्यांनी स्वतःच ते लावून टाकलं. आता जोडणी झाली नाही तरी पान स्वच्छ दिसायचं, आणि यादीच रिकामी आहे असं धरून खाली यायचं, 'आपल्यासाठी एकही स्थळ आलेले नाही.'

वडील आठवडाभर शाळेत शिकवायचे. रविवारी दुकानात माझ्या शेजारी बसून ते हे वाक्य वाचायचे आणि राजपुऱ्यात आत्याला जाऊन सांगायचे. मी दोघांना समजावलं की वाक्य खोटं आहे, जोडणीच होत नाही. आत्या हसली.

"मशीन बिघडलं म्हणे! मंग बाकीच्या पोरींचं कसं जमतंय व?"

त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. मी ते चिन्ह पुसलं. पुढच्या रविवारी वॉर्निंग आली, तेव्हा तिच्यावर बोट ठेवून वडिलांना मराठीत अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा खुलला. जाताना त्यांनी मावा जिलेबी घेतली, आत्याकडेही पोचवली.

मालकांनी मला झापलं. पण वॉर्निंग साऱ्या समाजाने पाहिली होती, त्यामुळे त्यांना मोठा सर्व्हर घ्यावाच लागला.

त्यानंतरच्या रविवारी वडील इस्त्रीचा सदरा घालून आले, सोबत आत्याला घेऊन. पान झटकन उघडलं. वॉर्निंग नव्हती. खाली तेच वाक्य होतं.

वडिलांनी पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा तेच.

"अजून खराबच आहे वाटतं हे," ते आत्याला ऐकू जाईल असं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मालक खुशीत म्हणाले, "नाही काका, आता एकदम बराबर चालू आहे."