मावळात फ्लू नाही

“मावळात कुणाला फ्लू होतच नाही का हो?” सरांनी विचारलं. आवाजात कौतुक नव्हतं.

स्क्रीनवर पुणे जिल्ह्याचा नकाशा होता. आजूबाजूचे तालुके लाल-पिवळे, मावळ मात्र कोरा करकरीत. ऑगस्ट महिना. लोणावळ्यात दर शनिवार-रविवारी अर्धी मुंबई येते, चिक्की घेऊन जाते आणि खोकला ठेवून जाते. तरी सलग सहा आठवडे आमच्या मावळच्या सेंटरवरून एकही नमुना आला नव्हता.

माझं काम सांगते. फ्लूचा विषाणू दर हंगामात थोडा वेश बदलतो. तो कुठे आणि कोणत्या वेशात फिरतोय हे कळावं म्हणून जगभर काही रुग्णालयं निवडलेली असतात. तिथे ठरावीक रुग्णांचा स्वॅब घेतात, म्हणजे नाका-घशात काडी फिरवून नमुना. तो प्रयोगशाळेत जातो आणि निकाल जगाच्या नकाशावर. पुढच्या हंगामाची लस त्यावरून ठरते. स्वॅब कुणाचा घ्यायचा याचा नियम साधा आहे: ताप आणि खोकला, दोन्ही दहा दिवसांच्या आतले. अशा काही सेंटरांची मी सुपरवायझर.

“सिस्टर काम करत नसणार,” सर म्हणाले. “अजून दोन आठवडे शून्य आलं तर सेंटर बंद. त्यांचं कॉन्ट्रॅक्टही तिथेच संपलं.”

मलाही तसंच वाटत होतं, हे कबूल करते. तिथल्या सुरेखा सिस्टरना झापायचं ठरवूनच मी लोकलने बेगडेवाडी स्टेशनला उतरले आणि रिक्षा केली.

ओपीडी खोकल्याने दणाणली होती. सिस्टर फॉर्म पुढ्यात घेऊन एकेकाला विचारत होत्या. कामचुकारपणा कुठे दिसेना. मी मागे खुर्ची टाकून बसले.

परंदवडीच्या एक मावशी पुढे आल्या. डोळे लाल, नाक वाहतंय.

“मावशी, खोकला?” सिस्टरनी विचारलं.

“लय.”

“ताप हाय का?”

“न्हाई बाई. ताप असता तर घरी निजले नसते का? न्हाई म्हणून तर हितं आले.”

सिस्टरनी ‘ताप: नाही’ वर खूण केली. नियमाप्रमाणे मावशी बाद.

पुढचा नवलाख उंबरे गावचा, अंगात कंपनीचा युनिफॉर्म. “ताप न्हाई सिस्टर, नुसती कसकस हाय. हितनं ड्यूटीलाच चाललोय.” तोही बाद.

“कसकस म्हणजे?” मी विचारलं.

सिस्टरनी फॉर्मवरून मान वर केली. “मॅडम, तुमी तळेगावच्याच ना?”

“हो.”

“मग? मावळातल्याच की. अंग गरम लागतं, हाडं दुखत्यात, पण माणूस उठून कामाला जातो, ती कसकस. अंथरूण धरलं की मंग ताप.”

मावशी अजून औषधाच्या खिडकीपाशी होत्या. मी थर्मामीटर लावला. एकशे एकच्या वर.

“बगा,” मावशी विजयाने म्हणाल्या, “म्हणलं न्हवतं? कसकसच हाय.”

मी सिस्टरकडे वळले. “अहो, हे आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. पयल्याच आठवड्यात फोन केलता. तुमी म्हणालात, फॉर्मातलं एक अक्षर बदलायचं न्हाई.”

म्हणाले होते खरी. फॉर्म इंग्रजीतून मराठीत मीच केला होता आणि त्याची ऑफिसात शाबासकीही घेतली होती. आता ज्या बाईला झापायला आले होते तिच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी सरांना फोन करून दोन बदल मंजूर करून घेतले. प्रश्नात ‘ताप, कसकस किंवा कणकण’ असं घातलं, आणि खोकणाऱ्या प्रत्येकाला थर्मामीटर लावायचा ठरला. पुढच्या आठवड्यात मावळातून नमुन्यांचा डबा भरून आला. त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत फ्लू निघाला.

सर खूश. “भेटीनंतर सिस्टरचं काम सुधारलं, असं लिहा रिपोर्टात. तुमचंही चांगलं दिसेल.”

मोह झाला. एका वाक्यात सगळं निभावलं असतं. पण मग सिस्टरचं काम आधी वाईट होतं, हे त्यांच्या फाइलीत कायमचं बसलं असतं. कॉन्ट्रॅक्ट वाढवायच्या वेळी नेमकं तेच कुणीतरी बाहेर काढलं असतं.

रिपोर्टात ‘अचानक वाढीचं कारण’ असा रकाना असतो. नवा विषाणू, गर्दी, हवामान असे पर्याय असतात. सुपरवायझरची घोडचूक हा पर्याय नसतो. मी ‘इतर’ वर खूण केली आणि लिहिलं, ‘प्रश्न चुकीचा होता. सिस्टरनी वेळेवर कळवलं होतं. मी ऐकलं नाही.’ खाली सही केली.

सरांनी वाचून चष्मा काढला. “असं कुणी लिहितं का हो?” म्हणाले, आणि रिपोर्ट पुढे पाठवला. सिस्टरचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

आता कुठल्याही सेंटरवरून शून्य आलं की मी आधी तिथल्या सिस्टरना फोन करते आणि विचारते, “माझं काय चुकलंय?” उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं.