येसुरात बाजरी

माणसाचा माणसावरचा विश्वास हीच व्यापारातली खरी पुंजी आहे. कळंबच्या मंगल कार्यालयात भरलेल्या उद्योजक मेळाव्यात हे वाक्य मोठ्या पडद्यावर झळकलं आणि वीज गेली. उरलेलं भाषण वक्त्यानं अंधारात ओरडून केलं. "इंटरनेटवरच्या गटांत जा, पण जाहिरात करू नका. नातं जोडा!" शेजारी बसलेल्या माझ्या ताईनं अंधारातही मान डोलावली. तिला दुसरा आधारच नव्हता.

दाजी गेल्यावर तिनं घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये कांडप यंत्र बसवलं होतं आणि ती येसूर करून विकत होती. लग्नाच्या पंगतीत ज्याची आमटी भुरकतात, तो भाजलेल्या धान्याचा मसाला. तो आमच्याकडं घरोघरी होतो, एवढीच अडचण होती. पुण्यातल्या मुलानं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर यंत्र विकायचं आणि आईनं त्याच्याकडं यायचं.

"तिथं चौथ्या मजल्यावर मी काय करू रे?" ताई विचारायची. मी इतिहास शिकवतो; पुढचं मला कुणी विचारू नये.

मेळाव्यानंतर ती मोबाइलवर मराठवाडी स्वयंपाकाच्या एका मोठ्या चर्चागटात शिरली. तिथं विक्रीला बंदी होती. ती आपुलकीनं बोलत राहिली. कुणाची भाकरी फुगेना, कुणाचं लोणचं बुरसलं, ताईचं उत्तर हजर. मग एका सकाळी तिनं येसुराचा फोटो टाकला आणि जावेला म्हणाली, "चांगलाय एवढंच लिही. खोटं न्हाय, तू खाल्लायस की."

जावेनं लिहिलं, "लई चांगला येसूर. पण आमच्या माहेरी बाजरी घालत न्हाईत."

आमच्या भागात दुसरीच्या मसाल्याचं निव्वळ कौतुक कुणी करत नाही. केलं तर स्वतःच्या आईचा अपमान होतो. हे ताईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण बुडत्याला असल्या गोष्टी आठवत नाहीत. दुपारपर्यंत गट पेटला.

"बाजरी न्हाय तर त्याला येसूर कशाला म्हणता? पिठलं म्हणा."

"गहू घालतात बाई, गहू! आमच्या वाशी तालुक्याकडं या, दाखवते."

"वाशीकडचा खाऊनच आमचे पाहुणे पंगतीतनं उठले होते."

भांडण मिटावं म्हणून ताईनं आपलं प्रमाण लिहून टाकलं. कोणतं धान्य किती, कुठवर भाजायचं, सगळं.

"अगं, हे काय केलंस?"

"विश्वास बसावा म्हणून रे."

बसला. बायांनी घरोघरी तिच्या प्रमाणानं येसूर केला, फोटो टाकले, "तुमच्यामुळं जमलं हो ताई" म्हणाल्या. पाकीट कुणी मागितलं नाही. ती प्रत्येकीला हात जोडल्याचं चित्र पाठवायची आणि पुन्हा मोबाइल उघडून बघायची. शेडमधल्या यंत्रावर दाजींचं जुनं धोतर पांघरलेलं असायचं. शेवटी न राहवून तिनं लिहिलं, "तयार हवा असेल तर मी देते. नड आहे." गटचालकानं ते काढून टाकलं. नियमात बसत नव्हतं.

दिवाळी झाली आणि यंत्र टेम्पोत चढलं. ताई एसटीत.

आता ती चौथ्या मजल्यावर असते. गटात तिच्या नावापुढं एक निळी खूण आली आहे. खाली लिहिलंय : उत्कृष्ट सदस्य.