तात्यांची थांबलेली गाडी

माझ्या दाजींचे मामा, म्हणजे तात्या, हे जगातले एकमेव वडापवाले असतील, ज्यांना गाडी पळवण्यापेक्षा ती थांबवण्यातच जास्त आनंद वाटतो. आणि त्यांच्या या थांबण्याचा सर्वांत वाईट अपमान मी केला, हे आधीच कबूल करतो.

आमच्या वस्तीवर एसटी फिरकत नाही. तात्यांना फोन करायचा. उसातल्या पाणंदीतून त्यांची वडापची जीप येते, वस्त्यावस्त्यांवरची माणसं गोळा करते आणि इंदापूरकडे नाहीतर बारामतीकडे निघते. चढतानाच तात्या मोठ्यानं विचारतात, "आज कुणाला मळमळणार हाय?" खिडकी त्याची. हॉर्न ते वाजवत नाहीत. घाईत माणूस काहीतरी विसरतं म्हणे. फोन केलेला माणूस आल्याशिवाय मात्र गाडी हलत नाही. कुणी कुरकुरलं, की म्हणतात, "फोन केलाय म्हंजे त्यो गाडीत बसलाच हाय. दिसत न्हाय एवढंच." एकदा एक आजी चप्पल घालायला म्हणून आत गेली ती म्हशीची धार काढूनच आली. तात्यांनी फक्त विचारलं, "दूध बरं दिलं का?"

त्या सकाळी मी फोन केला आणि ओळखीच्याची मोटारसायकल दिसताच तिच्यावर बसून निघून गेलो. तात्यांना कळवलंच नाही. ते थांबले. गाडीत शेजारच्या वस्तीवरची सुनंदा होती. लोणी देवकरच्या कारखान्यात तिचा कामाचा पहिला दिवस. पोचेपर्यंत गेट बंद. तात्यांनी वॉचमनपुढे हात जोडले, "पोरीची चूक न्हाय, माझी गाडी बिघडली." तेव्हा कुठं तिला आत सोडलं. संध्याकाळी दाजींनी हे सांगितलं. लाजेनं मी पुढं कित्येक दिवस तात्यांना फोन करायचं टाळलं.

मग बारामतीच्या दवाखान्यातून आईला घरी न्यायची वेळ आली. नाइलाजानं फोन केला. डॉक्टर काही लवकर सोडेनात. म्हटलं, "तात्या, तुम्ही निघा." "आमी हितंच हाय," एवढंच उत्तर. आईला धरून बाहेर आलो तर गाडी भरलेली, आणि कुणाच्या तोंडी तक्रार नाही. सुट्टी म्हणून बाजाराला आलेली सुनंदा खिडकीजवळच्या जागेवरून उठली. "मावशी, हितं बसा. वारं लागंल."

मला राहवेना. पायरीवर उभं राहूनच म्हणालो, "सुनंदा, त्या दिवशी तात्यांची गाडी बिघडली नव्हती. मीच फोन करून..."

"ठावं हाय की, दादा. समदी गाडी तुमचीच वाट बघत व्हती."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तात्या, माफ करा."

तात्यांनी आरशातून पाहिलं. "पाव्हणं, आलात न्हवं? चला मग," म्हणाले, आणि त्या सकाळपासून माझ्यासाठी थांबलेली गाडी त्यांनी सुरू केली.