पंखा आणि कडी

गावातल्या वेल्डरला सगळे 'भोवरा' म्हणत, कारण त्याचा पाय एका जागी कधी ठरत नसे. सात वर्षांपूर्वी टोर्नेडो आला. साधी वावटळ नव्हे, ढगातून थेट जमिनीवर उतरलेला. त्यानं दुकानाचं छप्पर नेलं आणि बायकोचा पाय कायमचा अधू केला. तेव्हापासून भोवऱ्याची झोप उडाली ती उडालीच. वारं गरगरतं त्याच्या उलट दिशेनं फिरणारा पंखा बनवायचा आणि त्याची गिरकी मोडायची, हे त्याच्या डोक्यात बसलं. अंगणात ट्रकचं जुनं इंजिन आलं, त्यावर पुरुषभर लांबीची पाती चढली.

हवामान केंद्रातल्या बाई दुरुस्तीला खुर्ची घेऊन आल्या तेव्हा हसल्या नाहीत. "दादा, ही डोंगराला फुंकर झाली. टोर्नेडो अजून कुणालाच अडवता आलेला नाही. धोक्याचा भोंगा वाजला की तळघर गाठायचं, बास."

त्यानं मान डोलावली आणि पुढचं पातं घासायला घेतलं.

साठेक घरांच्या तळघरांची दारं त्याच्या हातची होती. त्याच्या स्वतःच्या दाराला मात्र आतून कडी नव्हती, सुंभाची दोरी होती. दिव्याखाली अंधार! बायको विचारी, "अहो, कडी कधी?" तो म्हणे, "उद्या नक्की."

एका दुपारी भोंगा वाजला. बायको काठी टेकत तळघरात उतरली. भोवरा पंख्याकडे धावला. इंजिन धडधडलं, पाती फिरली, आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोतात सगळं धूड आडवं झालं. टोर्नेडो अजून दोन शेतं लांब होता. तो कसाबसा तळघराच्या दारातून आत घुसला.

वादळ बाजूनं निघून गेलं. शेजारी ओरडला, "भोवऱ्या, वळवलंस की रे!" क्षणभर त्यालाही ते खरं वाटावंसं वाटलं. मग त्यानं बायकोचे तळहात पाहिले. दार ओढून धरताना दोरीनं सालटी निघाली होती.

त्याला स्वतःची शरम वाटली. त्याच दुपारी एक पातं कापून त्यानं जाडजूड कडी बनवली आणि दाराला जोडली. "आता बघ, हत्ती आला तरी हलणार नाही."

बायकोनं कडी एकदा सरकवून पाहिली.

"छान आहे. पण ही आतून लागते," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर असलात तर मी लावायची कधी?"

पुढच्या भोंग्याला भोवरा तिच्या आधी तळघरात उतरला आणि तिला हात द्यायला पायरीवर उभा राहिला.