मुंगीच्या फोटोखालची ओळ

कुणाची पेन्सिल घेतली तर बाई ती टोक करून परत द्यायच्या. बाटल्यांची लेबलं समोर वळवून ठेवायच्या. मेलेली माशी झाडून टाकण्याआधी तिचे पाय मोजायच्या. फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत, ‘ऐकतेय’ म्हणायच्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं मदतनीस होत्या. मुलांसाठी त्यांनी बेचाळीस किड्यांचं पुस्तक लिहिलं आणि शाळेच्या संकेतस्थळावर टाकलं. मजकूर शब्दन् शब्द त्यांचा. फोटो नेटवरचे. प्रत्येक फोटोखाली एकच ओळ : ‘इंटरनेटवरून साभार’. सगळेच तसं लिहितात, त्यांनीही लिहिलं. मग एका प्रकाशकानं ते छापायला घेतलं. बाईंचं नाव पहिल्यांदाच मुखपृष्ठावर येणार होतं.

तेवढ्यात एक ईमेल आला. ‘त्या मुंगीसाठी मी तीन दिवस पोटावर पालथा पडून होतो. इंटरनेट पडलं नव्हतं.’ फोटोच्या मूळ पानावर त्या माणसानं अटी लिहिल्या होत्या : वापरा, पण नाव द्या; विकायचं असेल तर आधी विचारा. बाईंनी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

भाचा म्हणाला, “आत्या, आभार मानलेस ना? मग चोरी कसली?”

“जेवायला एकानं वाढलं, आणि मी आभार रस्त्याचे मानले रे.”

प्रकाशकाचा फोन आला. “बाई, सोडा हो. कोण बघतंय?”

“ज्यानं काढलाय तो बघतोय. छपाई थांबवा.”

“पुस्तक रखडेल.”

“रखडू दे. माझं नाव वर आणि त्यांची गायब, असं नको.”

मग त्या एकेका फोटोचं मूळ शोधत बसल्या. कुठे नाव पुरत होतं, कुठे परवानगी लागत होती, कुठे काहीच लिहिलेलं नव्हतं. काही लिहिलं नाही म्हणजे मोकळं रान, असं त्यांना आधी वाटायचं. आता तिथेही त्या पत्र पाठवायला लागल्या. मुंगीवाल्याचं उत्तर आलं : ‘छापा. नाव तेवढं नीट लिहा.’ भुंग्याचा फोटो काढणारीनं साफ नकार दिला. मग बाईंनी स्वतःच पेन्सिलीनं भुंग्याचं चित्र काढलं.

मुद्रितं तपासणारी त्यांची तरुण मैत्रीण त्या चित्राकडे बघतच राहिली. “बाई, हा भुंगा आहे की बटाटा?”

“बटाटा म्हण हवं तर. पण माझा आहे.”

एक्केचाळीस किडे मार्गी लागले. उरला चतुर. त्याचा फोटो सहा ठिकाणी सापडला, आणि सहाही जणांनी तो दुसऱ्याकडून उचललेला. बाई एकाकडून दुसऱ्याकडे, मागे मागे जात राहिल्या. प्रकाशकानं दोनदा विचारलं, “चतुर वगळू या का?” बाई म्हणाल्या, “आठ दिवस द्या.”

चौथ्या दिवशी सकाळी, प्रयोगशाळेतल्या खुर्चीतच, त्या गेल्या. आदल्या दिवशी ठणठणीत होत्या.

मैत्रिणीनं दुपारी त्यांचा संगणक उघडला. सहाव्यानं नाव सांगितलेल्या सातव्या माणसाला लिहायला घेतलेलं पत्र तसंच होतं :

‘नमस्कार. चतुराचा हा फोटो आपणच काढलात का? नसेल, तर आपल्याला तो कुठे मिळाला, तेवढं