रेकॉर्डरमधली पंचवीस मिनिटं

ती घटना आठवली की आजही मला राग येतो, आणि वय वाढलं तसा तो कमी न होता वाढतच चालला आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता विसरलो. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका घरातली पाटल्यांची साधी चोरी मात्र विसरता येत नाही. त्या प्रकरणात एका निरपराध बाईला चोर ठरवणाऱ्या कागदावर माझी सही होती.

मी जबलपूरचाच मराठी माणूस. वडील रेल्वेत होते, मी मध्य प्रदेश पोलिसांत गेलो आणि त्या वेळी ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. फिर्यादी घरही मराठीच होतं. घरमालक संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आपण त्यांना काका म्हणू. घरात काकू आणि चाळिशीचा मुलगा. सून नातीला घेऊन माहेरी गेलेली. लग्न झालेली मुलगी पुण्याला. सकाळी धुणीभांडी करायला एक बाई यायची, गेली अकरा वर्षं.

त्या दिवशी सकाळी काकूंनी कपाटातून सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून पुण्याच्या मुलीला दाखवल्या. नातीच्या, म्हणजे त्या मुलीच्याच लेकीच्या लग्नात त्या द्यायच्या होत्या. कॉल दहा वाजून दोन मिनिटांनी सुरू झाला, सव्वादहाला संपला. फोनमध्ये तशी नोंद होती. मग काकूंनी पाटल्या पलंगावर ठेवल्या आणि त्या देवपूजेला बसल्या. काका गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. अकरा वाजता काकू खोलीत आल्या तर पाटल्या नाहीत.

फिर्याद घेऊन मुलगा आला. कामासाठी आपण नऊलाच सिहोऱ्याला, तिथे भाड्याने घेतलेल्या खोलीवर, निघालो होतो आणि आईचा फोन आला म्हणून परत आलो, असं त्याने सांगितलं. आमचं काम त्याने स्वतःच करून आणलं होतं. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून त्याने पेन ड्राइव्हवर एक तुकडा काढला होता. त्यात कामवाली बाई फुगलेला झोला घेऊन दाराबाहेर पडताना दिसत होती. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती दहा बावीस.

"बघा साहेब," तो म्हणाला, "सव्वादहाला पाटल्या घरात होत्या आणि दहा बावीसला ही झोला घेऊन निघाली. मधल्या सात मिनिटांत घरात दुसरं कोण होतं? उशीर करून राहिले तुम्ही. ती भेडाघाटकडच्या आपल्या गावाला पळून जाईल."

बाई किती वाजता गेली, हे काकूंना सांगता आलं नाही. ती रोज काम आटोपून दार ओढून निघून जायची. बस, आमच्यासाठी प्रकरण तिथेच सुटलं. एवढी सोपी केस हातात आली की पोलिसाच्या डोळ्यांवर झापड येते, हे मी अनुभवाने सांगतो.

ठाण्याची गाडी गेली आणि बाई सापडली. कुठे सापडली? त्याच गल्लीत चार घरं पलीकडे, दुसऱ्या घराची भांडी घासताना. सोनं चोरून पळणारी बाई लोकांची कढई घासत बसत नाही, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. सगळी गल्ली बघत असताना तिला गाडीत बसवलं आणि आणलं.

खरं तर बाईमाणसाची विचारपूस तिच्या घरी जाऊन करायची असते. पण आमच्याकडे एक जुना शब्द आहे, 'बसवून ठेवणे'. अटक नाही, नोंद नाही, नुसतं बाकावर बसवायचं. तिला असं दिवसभर बसवलं. अंधार पडायच्या आत घरी पाठवलं आणि सकाळी पुन्हा यायला सांगितलं, आणि आपण कायदा पाळला असं समाधान मानलं.

विचारपूस मीच केली. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं.

"साहब, हम तो दस बजे के पहले निकल गए थे। राशन की दुकान पे मशीन में अंगूठा लगाया। परची झोले में है, देख लो।"

"और ये कैमरे में दस बाईस पर कौन निकल रहा है?"

"हम ही हैं साहब। पर तब नहीं निकले।"

ठाण्याचा मुन्शी, म्हणजे लेखनिक, हसला. मीही हसलो. "कैमरा झूठ नहीं बोलता, बाई," मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा मला फार आवडायचं. वर्गात, भाषणांत, पत्रकारांपुढे, कुठेही फेकायचो. आज कुणी ते माझ्यासमोर म्हटलं की मी तिथून उठून जातो.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात पोचलो तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. तिच्यासाठी कुणाला पाठवावं लागलं नाही. सांगितलेल्या वेळेच्या आधी आली होती. रात्रीतून तो व्हिडिओ गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर फिरला होता आणि सकाळपर्यंत पाचही घरांतून तिला निरोप गेले होते, उद्यापासून येऊ नको. नवरा नाही, घरात म्हातारी सासू. ती पाच घरं हाच तिचा संसार होता. पण तिने कामाचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "अकरा साल में एक चम्मच नहीं उठाया साहब। अब सब चोट्टी बोल रहे हैं।"

त्या दिवशी विचारपुशीला बसलेली महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, नवीन होती. तिने मला बाजूला बोलावलं. "सर, वो परची किसी ने देखी क्या?"

कुणीही पाहिली नव्हती! झोला आम्ही जप्त केला होता. त्यात धान्यासाठी आणलेली रिकामी पोती होती, म्हणून तो फुगलेला दिसत होता; अंगठा घेऊन दुकानदाराने धान्य संध्याकाळी न्यायला सांगितलं होतं. जप्तीच्या कागदावर मुन्शीने 'एक कागज की परची' असं सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं. लिहिलं, मोहोर लावली आणि मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत, टाकलं. बाई दोन दिवस जिचं नाव घेऊन रडत होती ती परची आमच्याच कुलपात पडून होती. मालखाना उघडून ती काढली. रेशन दुकानाच्या मशीनची परची, तिचं नाव, आणि वेळ दहा वाजून चौदा मिनिटं. दुकान त्या घरापासून पायी चांगलं पंधरा मिनिटं दूर.

आता माझं डोकं ताळ्यावर आलं. एक मशीन म्हणतं ती दहा चौदाला दुकानात होती, दुसरं म्हणतं दहा बावीसला घरात होती. दोन्ही खरी असू शकत नाहीत. बाईला खोटं ठरवायला मला एक मिनिट लागलं होतं. मशीनला खोटं ठरवता येतं हे सुचायला अख्खा दिवस लागला.

मग मी आदल्या दिवशी मुन्शीने केलेला रेकॉर्डरचा पंचनामा काढून वाचला. त्यात एक ओळ होती, 'समय मिलान किया, सही पाया गया'. म्हणजे रेकॉर्डरची वेळ खऱ्या वेळेशी ताडून पाहिली आणि बरोबर निघाली. कुणी ताडली होती? मुन्शीला विचारलं.

"सर, वो लाइन तो हर पंचनामे में रहती है।"

त्याचंही खोटं नव्हतं. जुन्या केसचा मसुदा घ्यायचा, नाव-पत्ता बदलायचा, बाकी तसंच. मी ती ओळ न वाचता खाली सही ठोकली होती. दुसऱ्याच्या अब्रूवर सही करताना आमचा हात असा सरसर चालतो.

मी तडक त्या घरी गेलो. आरक्षकाला व्हरांड्यात कॅमेऱ्यासमोर उभं केलं, मोबाइलवर सेकंदकाट्यासह वेळ उघडून कॅमेऱ्याकडे धरायला लावलं आणि आत जाऊन रेकॉर्डरपुढे बसलो. आरक्षकाच्या हातातल्या मोबाइलवर अकरा वाजून दहा मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात अकरा पस्तीस. दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. फरक तेवढाच, एका सेकंदाचाही बदल नाही. लाइट जाऊन घड्याळ बिघडलं असतं तर असा नेमका आकडा निघाला नसता. वर मान केली तर भिंतीवरचं घड्याळही अकरा पंचेचाळीस दाखवत होतं, आणि माझ्या मनगटावर अकरा वीस.

"काका, हे काय आहे?"

"ते आपल्या घरचं घड्याळ आहे ना साहेब," काका शांतपणे म्हणाले. "पंचवीस मिनिटं पुढे. भोंगा झाला की कारखान्याचं गेट बंद होत होतं. नोकरीत एक दिवस लेट नाही झालो मी! कॅमेरे बसवले तेव्हा त्या भैयाकडून तीच वेळ टाकून घेतली. घरात दोन-दोन टाइम काहून ठेवायचे?"

"अहो, मग हे आम्हाला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच कुठं?"

नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी घर भोंग्यावरच चाललं होतं, आणि घरातल्या प्रत्येकाला ती वजाबाकी इतकी अंगवळणी पडली होती की तिचा कुणी उच्चारही करत नव्हतं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी तो व्हिडिओ पाहिलाच नव्हता. काकूंनी बाईकडे पाहिलं, आकड्यांकडे नाही.

हिशोब सरळ होता. बाई बाहेर पडली नऊ सत्तावन्नला. व्हिडिओ कॉल सुरू झाला त्याच्या पाच मिनिटं नंतर, आणि त्यात पाटल्या काकूंच्या हातात होत्या. पुण्याच्या मुलीनेही फोनवर तेच सांगितलं. ज्या बाईला आम्ही दोन दिवस बाकावर बसवलं, ती गेल्यानंतरही पाटल्या घरात होत्या.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मुलाने दिलेला तुकडा बाजूला ठेवून त्या सकाळचं सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून पाहिलं. पडद्यावर दहा सत्तेचाळीस, म्हणजे खरे दहा बावीस, तेव्हा फाटकातून एक स्कूटर इंजिन बंद करून ढकलत आत आली. ढकलणारा घरचा मुलगा होता. चार मिनिटांत तो तशीच स्कूटर ढकलत बाहेर गेला.

त्याला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या घरचं घड्याळ किती पुढे आहे?"

तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "पंचवीस मिनिटं."

इथे माझं रक्त उसळलं. चोरी एक वेळ समजू शकतो. पण हा माणूस त्या घरात लहानाचा मोठा झाला होता, ती वजाबाकी त्याला पाढ्यांसारखी पाठ होती. दहा बावीस म्हणजे खरे किती, हे जाणूनच त्याने तो तुकडा कापला, ग्रुपवर टाकला आणि लहानपणापासून ओळख असलेल्या माणसासारखी माझ्या पाठीवर थाप मारून गेला. पाटल्या त्याच्या सिहोऱ्याच्या खोलीतल्या पेटीत मिळाल्या. कारण विचारलं तर म्हणाला, "आई सगळं ताईच्या घरी देऊन राहिली. माझ्या पोरीचा काही हक्क नाही का?"

हक्काची एवढी चाड असलेला हा माणूस!

संध्याकाळी काका आले. आदल्याच दिवशी 'तिला चांगला धडा शिकवा' म्हणणारे काका आता हात जोडून उभे होते. "साहेब, घरातली गोष्ट आहे. मिटवून टाका ना. आपली माणसं आहोत. पोराचं नाव खराब होईल."

"आणि तिचं झालं त्याचं काय?"

"तिला आम्ही समजावून सांगू. चलो, पुन्हा कामावर ठेवून घेऊ तिला, झालं?"

ठेवून घेऊ! जणू उपकारच. काकांना मी बाहेरचा रस्ता दाखवला. गुन्हा नोंदलेला होता, तो मिटवायचा अधिकार मला नव्हता आणि असता तरी मी वापरला नसता. मुलावर आरोपपत्र गेलं. केस डायरीत मी हेही लिहिलं की वेळ ताडून पाहिल्याची नोंद खोटी आहे आणि खाली सही माझी आहे. वरिष्ठ म्हणाले, "कशाला पायावर धोंडा मारून घेतोस?" घेतला. समज मिळाली, ती सेवापुस्तकात आजही आहे.

पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे नव्या पोरापोरींना मी आधी हेच शिकवलं. रेकॉर्डर हाती आला की पहिलं त्याची परीक्षा घ्या. कॅमेऱ्यासमोर खरी वेळ धरा, किती फरक आहे तो लिहा, दुसऱ्याने कापून दिलेल्या तुकड्यावर जाऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे. आणि समोरचा माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल तर निदान एकदा उठून ती बघून या. गरिबाचा शब्द तपासायलाही आपल्याला साहेबाची परवानगी लागते, हे त्या प्रकरणात मला कळलं आणि लाज वाटली.

पण एक गोष्ट अजून सांगायची राहिली. झोला परत देताना मी त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "हमसे क्या बोल रहे हो साहब। उन पाँच घरों में बोल दो।" तिचं बरोबर होतं. मी वर्दीत, भर सकाळी, तिच्याबरोबर त्या गल्लीत घरोघरी गेलो. चोरी तिने केली नाही, चूक पोलिसांची होती, हे प्रत्येक दारात मोठ्याने सांगितलं. कुणी मान डोलावली, एका आजीने तिला आत बोलावून पाणी दिलं. काकांच्या दारात तिने पाय ठेवला नाही.

शेवटच्या घरातल्या बाई आमच्याच मराठी, शिकलेल्या. दार अर्धंच उघडून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो साहेब. पण कॅमेऱ्यात दिसली होती ना ती? ग्रुपवर मी स्वतः पाहिलं."

मी काही बोलायच्या आत मागून तीच पुढे आली. अकरा वर्षं मराठी घरांत वावरून तिला सगळं समजत होतं.

"हाँ दीदी, दिखी थी," ती म्हणाली. "काम करके घर जा रही थी।"

दार लागलं. त्या घरी तिला पुन्हा काम मिळालं नाही.