शेवटच्या काचेपलीकडचा उजेड

बाबांची नजर आधी तिन्हीसांजेला दगा देऊ लागली. मग कडांकडून आत जात गेली, आणि आता जवळजवळ सगळीच. हा आजार मुलांतही उतरू शकतो, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी समंजसपणे मान हलवली आणि माझी तपासणी पुढे ढकलली.

मी विद्यानगरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत काम करते. खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाच्या पेशीवरच्या पापुद्र्यात जांभळं प्रथिन असतं. उजेड पडला की ते प्रोटॉन आतून बाहेर ढकलतं. उजेड वाढवला की ढकलणं वाढतं, मग एका मर्यादेला येऊन अडतं. गंमत म्हणजे त्यातला उजेड टिपणारा रेणू आपल्या डोळ्यांतही असतो. ही गंमत मी घरी कधी सांगितली नाही.

त्या दुपारी आम्हाला अगदी मंद उजेडात हे ढकलणं मोजायचं होतं. खोलीला काळे पडदे, मीटरचा उजेड येऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर पुठ्ठा. दिव्यापुढे मी एकेक काळसर काच चढवत होते. दर काचेनंतर उजेडाचा ठिपका नमुन्याच्या बरोबर मधे पडतोय ना, हे डोळ्यांनी बघायचं, अशी आमची पद्धत. शेवटची काच लावली आणि ठिपका नाहीसा झाला. डोळे सरावतील म्हणून थांबले. सरावले नाहीत.

"लाइट गई क्या?" मी विचारलं.

"है ना," शेजारी बसलेली माझी तेलुगू मैत्रीण म्हणाली. "जरा सीधे हाथ कू सरका. इत्ता साफ दिखरा, तेरेकू नै दिखरा?"

हात पुढे जाईना. शेवटी तिनेच नमुना सरकवला आणि पुठ्ठ्याआड डोकावून आकडा सांगितला. अगदी किंचित, पण प्रोटॉन बाहेर पडले होते. डोळे नसलेल्या त्या पापुद्र्याला तेवढा उजेड पुरला होता. मला भयंकर भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या प्रथिनाचा रागही आला.

जामबागला घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. त्यांना दिव्याची गरज नसते, म्हणून तो लावलेला नव्हता. मी बटणासाठी भिंत चाचपू लागले. हाताला कॅलेंडर लागलं, मग खुंटी. जन्मापासूनचं घर, पण बटण सापडेना.

बाबांनी रेडिओ बंद केला. भिंतीवर बोटं फिरण्याचा तो आवाज त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.